त्रुटीसाहेबांच्या बहिणीचा नकाशा

नगररचना कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच एक टेबल होतं. शहरात कुणालाही आपल्या जमिनीचे दोन तुकडे करायचे असले, की त्याचा मोजणी नकाशा या टेबलावरून पुढे जावा असा नियम होता. प्रत्यक्षात तो या टेबलावरून मागे जाई. टेबलामागचे गृहस्थ नकाशा डोळ्यांत तेल घालून तपासत आणि त्यात काय कमी आहे ते एका छापील कागदावर लिहून देत. त्या कागदाला कार्यालयात त्रुटीपत्र म्हणत, म्हणून गृहस्थांचं नाव पडलं त्रुटीसाहेब. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगारापुरतं उरलं होतं.

त्रुटीसाहेब पैसे खात नसत, आणि हीच लोकांची मोठी अडचण होती. खाणाऱ्या माणसाचं कधीतरी पोट तरी भरतं. यांना भूक होती ती चुकांची, आणि ती काही केल्या भागत नसे. उत्तर दिशेचा बाण नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात काढला तर तो उजव्या का नाही, आणि उजव्या काढला तर त्याची शेपटी इतकी लांब का, असं ते विचारत. झाड दाखवलं तर त्याचा घेर हवा. घेर दिला तर तो जमिनीपासून किती उंचीवर मोजला ते हवं. एका बाईंनी वैतागून ते झाडच तोडलं, तर साहेबांनी लिहिलं, ‘मूळ नकाशातील झाड जागेवर आढळत नाही. खुलासा करावा.’ त्या बाई खुलासा करायला पुन्हा कधी आल्या नाहीत.

वास्तविक नियमांत काही वाईट नव्हतं. एका जमिनीच्या दोन करायच्या तर हद्द शहराने ठोकलेल्या पक्क्या खुणांपासून मोजावी, जमिनीचा चढउतार दाखवावा, असलेली बांधकामं दाखवावीत, शेजाऱ्यांना हद्द मान्य असल्याच्या सह्या घ्याव्यात, दोन्ही तुकड्यांना रस्ता मिळावा. यात कुणाला खटकण्यासारखं काय आहे? उद्या दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसू नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था. पण चांगल्या व्यवस्थेला एखादा तितकाच चांगला माणूस मिळाला, की ती हमखास बंद पडते.

तर या टेबलावर एके दिवशी साहेबांच्या सख्ख्या बहिणीचा नकाशा आला.

ताई त्यांच्याहून मोठी. आयुष्यभर इस्पितळात नर्स म्हणून राबली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ज्या जुन्या इमारतीत ती भाड्याने राहत होती ती पाडायची ठरली होती, आणि मालकाने सगळ्यांना वर्षअखेरपर्यंत जागा सोडायला सांगितलं होतं. वडिलांनी मरताना चढावरचा प्लॉट दोघांना मिळून ठेवला होता. त्यातल्या खालच्या, सपाट अर्ध्या भागात साहेबांनी केव्हाच घर बांधलं होतं. वरचा उताराचा अर्धा भाग ताईचा, नुसता गवत वाढलेला. त्यावर दोन खोल्या बांधाव्यात, उरलेले दिवस भावाच्या शेजारी काढावेत, एवढाच तिचा बेत. पण बांधकामाची परवानगी हवी तर आधी प्लॉटची रीतसर पोटविभागणी हवी, आणि पोटविभागणी हवी तर तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी जायला हवं.

‘‘घरचंच काम आहे,’’ ताई भावजयीला म्हणाली. ‘‘छोट्या चुटकीसरशी करेल.’’

छोट्या म्हणजे त्रुटीसाहेब. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणणाऱ्या, शिपाई ज्यांच्यासमोर पाय न वाजवता चालतो अशा माणसाला छोट्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. ती तशी हाक मारी तेव्हा साहेब आधी इकडेतिकडे पाहत आणि मग ओ देत.

त्यांना आनंद झाला होता, खोटं कशाला सांगा. घरात ते आणि बायको, दोघंच. संध्याकाळी दोघांच्या एकमेकांना दिवसभरातल्या चुका सांगून झाल्या की बोलायला काही उरत नसे. ताई शेजारी आली तर कुंपणापलीकडून कुणीतरी हाक मारेल, जेवलास का म्हणून विचारेल, हे त्यांना फार हवं होतं. पण हवी असलेली गोष्ट हवी म्हणून सांगायची असते, हे काही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, की आपल्या बहिणीचा नकाशा असा निघाला पाहिजे, की त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. हे त्यांच्या मते प्रेम होतं.

आधी त्यांनी मोठ्या साहेबांकडे जाऊन सांगितलं, की अर्जदार माझी बहीण आहे आणि जमिनीत मीही निम्मा मालक, तेव्हा ही तपासणी दुसऱ्याकडे द्यावी. मोठ्या साहेबांनी चहाचा कप खाली ठेवून विचार केला. आपल्या माणसाला झुकतं माप देणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. हा मात्र आपल्या माणसाचं माप आणखी दोनदा तपासणारा, हे त्यांना ठाऊक होतं. ‘‘तुम्हीच बघा,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्यावर कोण संशय घेणार?’’

नकाशा काढला होता गॉगलने. गॉगल म्हणजे खासगी मोजणीदार. घरात, ऑफिसात, जिन्यात, कुठेही काळा चष्मा न काढणारा आणि साहेबांकडून सगळ्यात जास्त त्रुटीपत्रं घेऊन गेलेला. त्याने मोजणी कुंपणाच्या कोपऱ्यापासून सुरू केली होती. शहराने ठोकलेली पक्की खूण पार पुलाच्या कठड्याशी होती, आणि तिथपासून यंत्र लावत यायचं म्हणजे उन्हातान्हात दिवस मोडायचा. साहेबांनी पहिलं त्रुटीपत्र लिहिलं: मोजणी पक्क्या खुणेशी जोडलेली नाही. आता हे बरोबरच होतं. पण मग लगेहात त्यांनी हेही लिहिलं, की समोरच्या रस्त्याची रुंदी एकाच जागी मोजली आहे, वरच्या बाजूच्या शेजाऱ्याने म्हणजे इस्त्रीवाल्याने सही हद्दीच्या रेषेवर न करता रेषेखाली केली आहे, आणि प्लॉटवरून जाणारी विजेची तार किती उंचीवरून जाते ते दिसत नाही.

नियमाप्रमाणे त्रुटीपत्र दोन्ही मालकांना जातं. एक ताईकडे गेलं. दुसरं टपालाने साहेबांच्या घरी आलं.

‘‘अहो, तुम्ही तुम्हाला पत्र पाठवलंय,’’ बायको म्हणाली.

साहेबांनी चष्मा लावून पत्र शांतपणे वाचलं. खालची स्वतःची सही नीट पाहिली. मग पाटावर बसून कोरा कागद पुढ्यात घेतला आणि ‘आपले पत्र मिळाले’ अशी सुरुवात करून उत्तर लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते उत्तर त्यांच्या हाती पडलं, तेव्हा त्यांना ते जरा मोघम वाटलं. त्यांनी तसा शेरा मारला.

बायकोने हात टेकले. ‘‘वेड लागायचं राहिलंय तेवढं,’’ ती म्हणाली आणि इस्त्रीवाल्याकडून दुसऱ्यांदा सही घेऊन यायला स्वतः गेली. इस्त्रीवाला म्हणाला, वहिनी, मी आता कोऱ्या कागदावरच सही करून ठेवतो, तुम्हाला हवी तिथे रेषा काढा.

ताई दर वेळी पायऱ्या चढून यायची. तिचे गुडघे दुखायचे, मग ती दुसऱ्या मजल्यावर थांबून कठड्याला टेकायची. टेबलासमोरच्या बाकावर ती इतर अर्जदारांसारखीच नंबर लावून बसे, कारण ओळखीचा फायदा घेतला असं कुणी म्हणू नये ही साहेबांची अट होती. एकदा तिने डब्यातून भावासाठी काहीबाही खायला आणलं. साहेबांनी ते घेतलं नाही. अर्जदाराकडून काही घेत नाही म्हणाले. ताईने डबा उघडला आणि बाकावरच्या सगळ्यांना वाटून टाकला.

‘‘छोट्या,’’ ती निघताना म्हणाली, ‘‘आमच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं गेली रे. खालचा नळ तोडलाय. मी वरच्या टाकीचं पाणी बादलीने आणते.’’

‘‘आता थोडंच राहिलंय, ताई. चढउताराच्या रेषा आल्या की झालं.’’

‘‘कसल्या रेषा?’’

‘‘जमीन कुठे किती उंच आहे ते दाखवणाऱ्या.’’

‘‘तुला माहीत नाही कुठे उंच आहे ते? लहानपणी घसरगुंडी करून तू गुडघे फोडून घ्यायचास तिथे.’’

साहेब म्हणाले, माहीत असणं वेगळं आणि नकाशावर असणं वेगळं. ताईने रिकामा डबा पिशवीत टाकला. नर्सच्या नोकरीत तिने पुष्कळ डॉक्टर पाहिले होते.

शेवटी गॉगलने कंबर कसली. पुलाच्या कठड्यापासून यंत्र लावत तो गल्लीबोळांतून प्लॉटपर्यंत आला. झाडांचे घेर घेतले, गटार दाखवलं, तार दाखवली, उंचीच्या रेषा काढल्या, घराचा कोपरान् कोपरा टिपला. आणि हे सगळं घेऊन तो टेबलावर आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, काळ्या चष्म्याखालचा जेवढा दिसत होता तेवढ्यावर, मोठी मौज होती.

‘‘साहेब, एक अडचण निघालीय.’’

‘‘काढलीत ना तुम्हीच अखेर?’’ साहेब प्रसन्न होऊन म्हणाले.

‘‘तुमच्या घरात निघालीय.’’

प्लॉटचा मध्य साहेबांनी फार वर्षांपूर्वी स्वतः काढला होता. नोकरीला लागून महिना झाला नव्हता, वडील कौतुकाने म्हणाले होते, आता बाहेरचा माणूस कशाला, तूच मोज. यांनी रस्त्याच्या कडेने प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप जमिनीवर अंथरला, निम्म्यावर खुंटी ठोकली आणि झाले मोकळे. सपाटीवर टेप सपाट पडला, चढावर तो चढाला चिकटून वर गेला. पण नकाशावर जमीन धरली जाते ती आडवी, वरून पाहिल्यासारखी. चढावर चालत गेलेलं अंतर तिथे मोजत नाहीत. टेप चढावर आडवा ताणून धरायचा, हे मोजणीच्या कामातलं पहिलं अक्षर. साहेब या एका चुकीसाठी आजवर किती नकाशे परत धाडत आले होते, त्याची गणती नाही. तीच चूक त्यांच्या स्वतःच्या अंगणात खुंटी होऊन उभी होती. खरा मध्य त्या खुंटीपासून हातभर खाली, त्यांच्या घराच्या बाजूला सरकत होता.

एरवी हातभराने कुणाचं काय बिघडलं असतं? पण साहेबांनी घर बांधताना स्वयंपाकघराच्या भिंतीपासून खुंटीपर्यंत नियमात सांगितलेलं मोकळं अंतर सोडलं होतं. जास्त नाही, कमी नाही, तंतोतंत तेवढंच. आता रेषा खऱ्या मध्यावर काढली तर ते अंतर हातभर कमी पडणार. आणि रेषा खुंटीवरच ठेवावी, तर ताईचा तुकडा रस्त्याकडून हातभर अरुंद होणार, आणि स्वतंत्र प्लॉटला लागते तेवढी किमान रुंदी त्याला उरणार नाही. दोन्ही बाजूंनी नियम आडवा. कसंही वळलं तरी हातभर कमीच.

गॉगल टेबलावर वाकला. ‘‘साहेब, मी भिंत जरा अलीकडे दाखवतो. कागदावर भिंत सरकवायला गवंडी लागत नाही. तपासणार कोण? तुम्हीच.’’

खरं सांगायचं तर शहरात निम्म्या भिंती अशाच सरकल्या होत्या आणि त्यांच्यात माणसं सुखाने नांदत होती. साहेबांनी एकदा होकारार्थी मान हलवली असती तर आठवड्यात ताईच्या जागेवर पाया खणला गेला असता. बायकोने तेच सांगितलं. मोठ्या साहेबांनी तेच सुचवलं, अर्थात भिंतीकडे बघत. ताई म्हणाली, ‘‘हातभर जागा कमी मोकळी राहिली म्हणून माझा श्वास कोंडणार नाही, छोट्या. सही कर.’’

साहेबांनी सही केली. पण ती त्रुटीपत्रावर. ‘विद्यमान बांधकाम सामासिक अंतरात येत असल्याने ते काढून घेतल्याशिवाय विभागणीस मान्यता देता येणार नाही.’ सामासिक अंतर म्हणजे तेच, हद्दीपासून सोडायची मोकळी जागा. हे पत्रही टपालाने घरी आलं.

मग त्यांनी स्वयंपाकघराची भिंत पाडायला गवंडी बोलावले. ज्या दिवशी पहिला घाव पडला त्या दिवशी साहेब रजा घेऊन छाती काढून अंगणात उभे होते. स्वतःवर कारवाई करणारा शहरातला पहिला अधिकारी, असं त्यांच्या मनात आलं असावं. बायकोच्या मनात काय आलं ते तिने बोलून दाखवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून तिने शेगडी पलंगाशेजारी मांडली आणि फोडणीचा ठसका उशांपर्यंत जाऊ लागला. भिंत पाडताना छताची तुळई हलली, मग ती बदलायला निघाली, तुळईपाठोपाठ ओटा गेला. गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेले. घराची पार दैना उडाली.

नेमक्या याच काळात ताईची इमारत रिकामी करून घेतली गेली.

‘‘तुझ्याकडे येऊ का थोडे दिवस?’’ तिने घरी येऊन विचारलं.

साहेबांनी मागे वळून घरात पाहिलं. मागच्या खोलीला भिंत नव्हती, नुसता ताडपत्रीचा पडदा फडफडत होता. बायको पलंगाकडेच्या शेगडीपाशी पाठ करून बसली होती आणि त्या पाठीनेच तिने उत्तर दिलं होतं. ‘‘भिंत उभी राहू दे, ताई,’’ साहेब म्हणाले. ‘‘महिनाभर कुठेतरी काढ. मग नकाशा मंजूरच आहे समज.’’

ताई तिच्या इस्पितळातल्या जुन्या मैत्रिणीकडे गेली. आपल्या ट्रंका तिने मैत्रिणीच्या गॅलरीत ठेवल्या आणि त्यांवर चादर घातली.

भिंत हातभर मागे उभी राहिली, गॉगलने ती पुन्हा मोजली, आणि साहेबांनी ताईचा नकाशा मंजूर केला. तो दिवस कार्यालयात गाजला. नकाशा खरंच देखणा होता. बाण उत्तरेला, झाडं आपापल्या घेरांसकट, हद्दीची रेषा केसाएवढी बारीक आणि तितकीच निर्विवाद. नवीन लागलेल्या लोकांना दाखवायला मोठ्या साहेबांनी त्याची एक प्रत मागून घेतली. साहेबांनी शिपायाला न सांगता स्वतः नकाशाची गुंडाळी केली, तिला फीत बांधली आणि रविवारी ताईला घरी बोलावलं.

ताई आली. नव्या ओट्याचं भावजयीपाशी कौतुक केलं. भावजयीने चहा केला, आणि सगळे नव्या भिंतीच्या खिडकीपाशी बसले. खिडकीतून ताईचा तुकडा दिसत होता. त्यावर हद्दीचे चार दगड रंगवून पक्के बसवले होते. साहेबांनी गुंडाळी तिच्या मांडीवर ठेवली आणि बांधकामाच्या अर्जाला काय काय लागेल ते सांगायला सुरुवात केली. मातीची तपासणी, पायाचा नकाशा, सांडपाण्याची जोडणी.

‘‘छोट्या, थांब,’’ ताई म्हणाली. ‘‘मी तो तुकडा विकला.’’

साहेब थांबले.

‘‘म्हणजे बोली झालीय, या आठवड्यात कागद होतील. मैत्रिणीच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या मोकळ्या झाल्या. तयार. दाराला दार आहे, पाण्याला पाणी आहे. आता या वयात पाया कुठे खणत बसू? आणि तोवर राहू कुठे?’’

‘‘कुणाला विकलास?’’

‘‘तुमच्या त्या गॉगलला. तोच म्हणाला, शहरात इतका चोख नकाशा दुसऱ्या कुठल्या जमिनीचा नाही, डोळे मिटून घेतो. तुझ्यामुळेच चांगला भाव आला बघ.’’

हे ती चिडवायला म्हणत नव्हती. मनापासून म्हणत होती, आणि म्हणूनच ते साहेबांना जास्त झोंबलं. भावजय उठून आत गेली.

‘‘मला आधी विचारायचंस,’’ साहेब म्हणाले.

‘‘विचारलं असतं तर तू पत्र पाठवलं असतंस.’’

साहेबांना हसू आलं नाही. ते खिडकीतून पाहत राहिले. उद्या तिथे काळा चष्मा लावलेला माणूस राहायला येईल, त्याचा नकाशा अगदी बरोबर असेल, तो कुंपणापलीकडून नमस्कार साहेब म्हणेल, आणि छोट्या म्हणून हाक मारणारं तिथे कुणी नसेल. हे त्यांना एकदम कळलं. आयुष्यात कधी न बोललेलं वाक्य त्यांच्या तोंडून, कुठल्याही मसुद्याशिवाय, बाहेर पडलं.

‘‘मला तू शेजारी हवी होतीस, ताई.’’

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. वॉर्डात पेशंटकडे पाहावं तसं, राग न धरता.

‘‘मग सही करायची होतीस रे,’’ ती म्हणाली.

तिने चहा संपवला, नकाशाची गुंडाळी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि पिशवी उचलली. साहेबांनी ती तिच्या हातून घेतली आणि तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले.